एलआरएच्या आधी ‘ॲन’

अमरावती-अकोला पट्ट्यात एक इंग्रजी लिहिली जाते, जी वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही. तिच्यात कविता नाही की गोष्ट नाही. तिच्यात पऱ्हाटी आहे, सोयाबीन आहे, तुरीवरची अळी आहे, खताची पोती आहेत, संत्र्याच्या बागेतला ठिबक संच आहे. अकोल्याला १९६९ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ उभं राहिलं, तेव्हापासून वऱ्हाडातली पोरं-पोरी या भाषेत प्रबंध लिहीत आली आहेत. त्यांच्या जोडीला आता शेतकरी उत्पादक कंपन्यांचे प्रकल्प अहवाल आले, फवारणी पंपांची माहितीपत्रकं आली, बँकेपुढे ठेवायचे प्रस्ताव आले. लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळजण आपल्या घरातले इंग्रजी लिहिणारे पहिलेच असतात. असे कागद तपासून देणं हे माझं काम. मी राहते अमरावतीला, कागद येतात बहुतेक अकोल्याकडून.

या कामात सगळ्यात जास्त वेळा माझी पेन्सिल जिथे थबकते, ती जागा फार लहान आहे. नामाच्या आधीचा ‘अ’ किंवा ‘ॲन’. व्याकरणातला हा सगळ्यात किरकोळ प्रश्न मानतात. ‘ते काय, शेवटी बघून घेऊ,’ असं मार्गदर्शकही म्हणतात. मला तो किरकोळ वाटत नाही. वाक्यातले बाकीचे शब्द लेखकाला काय म्हणायचंय ते सांगतात. हा एवढासा शब्द मात्र, लिहिताना लेखकाच्या कानात कुणाचा आवाज होता, ते सांगतो.

शाळेत हा नियम आम्हांला डोळ्यांनी शिकवला गेला. फळ्यावर पाच स्वर लिहिलेले असायचे, आणि त्या पाचांपैकी अक्षर पुढे आलं की ‘ॲन’ लावायचा. ॲपल, एग, इंक, ऑरेंज, अंब्रेला. ही पाच चित्रं पुरी होईपर्यंत नियम छान चालतो. पुढे वावरात उतरला की पहिल्याच पोत्यापाशी अडखळतो. युरिया ‘यू’ या अक्षरानं सुरू होतो, पण तोंडातून ‘यु’ निघतो, म्हणून ‘अ युरिया बॅग’. उलट ट्रॅक्टर किती तास चालला ते मोजणारं मीटर ‘एच’नं सुरू होतं, पण त्यातला ‘ह’ मुका, उच्चार ‘आवर’, म्हणून ‘ॲन आवर मीटर’. नियम अक्षराचा नाहीच. तो ध्वनीचा आहे. पुढच्या शब्दाचा पहिला आवाज स्वराचा असेल तर मधे ‘न’ लागतो, एवढंच. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून जिभेनं करून घेतलेली ती सोय आहे.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला ही सोय आपोआप साधते, कारण तो शब्द लिहितो आणि शब्दाचा आवाज शब्दातच असतो. तांत्रिक लेखनात तसं नाही. तिथे निम्मा मजकूर आकड्यांचा आणि आद्याक्षरांचा, आणि दोन्हींत आवाज लपलेला असतो. ‘१८:४६’ हे कागदावर नुसते आकडे आहेत. डीएपीच्या पोत्याला आमच्याकडे अठरा-शेहेचाळीसच म्हणतात. इंग्रजीत ते ‘एटीन’नं सुरू होतं, म्हणून ‘ॲन’. शेजारचं १०:२६:२६ ‘टेन’नं सुरू होतं, म्हणून ‘अ’. शेतातून जाणारी अकरा केव्हीची वाहिनी ‘ॲन इलेव्हन केव्ही लाइन’, आणि तिच्यावरून जिथे वीज उतरते ती डीपी, शंभर केव्हीएची असली तर, ‘अ हंड्रेड’. अहवालामागून अहवालांत मी ‘अ ११ केव्ही’ वाचलंय. लिहिणारा अभियंता हुशार असतो, वाहिनीचा भार त्यानं बिनचूक काढलेला असतो. फक्त आकडा त्यानं पाहिलेला असतो, ऐकलेला नसतो.

आद्याक्षरांचं त्याहून अवघड. इंग्रजीत आठ व्यंजनं अशी आहेत की त्यांची नावं स्वरानं सुरू होतात: एफ, एच, एल, एम, एन, आर, एस, एक्स. म्हणून ‘ॲन एफपीओ’, ‘ॲन एमआयडीसी प्लॉट’, ‘ॲन एसटी बस’. अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर २०२२ च्या जून महिन्यात ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून तयार झाली, गिनेस बुकात तिची नोंद झाली. त्या कामाबद्दल इंग्रजीत लिहायचं तर ‘ॲन एनएचएआय प्रोजेक्ट’. पण बँकेच्या प्रस्तावात ‘नाबार्ड’ आलं की ‘अ नाबार्ड लोन’, कारण नाबार्ड आपण अक्षरं सुटी करून म्हणत नाही, एकसंध म्हणतो. कागदावर दोन्ही ‘एन’च. फरक तोंडात.

आता तेल्हाऱ्याकडच्या एका मुलीच्या प्रबंधाविषयी सांगायला हवं, कारण या सगळ्याकडे बघण्याची माझी नजर तिनं बदलली. प्रबंध कापसावरचा होता. बीटी येण्याआधी, म्हणजे २००२ च्या आधी, वऱ्हाडात एलआरए ५१६६ हे सरळ वाण घरोघरी होतं. तिनं तुलनेसाठी ते घेतलं होतं. आणि त्याच्या आधी प्रत्येक ठिकाणी ‘अ’. ‘अ एलआरए प्लॉट’. ‘अ एनपीके डोस’. ‘अ एसएसपी बॅग’. एका एकराला ‘अ एकर’. तिच्या मार्गदर्शकांनी समासात लाल शाईनं निष्काळजीपणाचा शेरा मारलेला होता, तोही एकदा नाही.

मीही सुरुवातीला नुसतं खोडून ‘ॲन’ करत गेले. पण पुढे एक गोष्ट दिसली आणि हात थांबला. कृषीच्या प्रत्येक प्रबंधात असतं तसं ‘रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन’ तिच्याही प्रबंधात होतं, आद्याक्षरांत आरबीडी. त्याच्या आधी मात्र सगळीकडे ‘ॲन’. एकही चूक नाही. आयसीएआरच्या आधी ‘ॲन’, बरोबर. युरियाच्या आधी ‘अ’, बरोबर. आवरच्या आधी ‘ॲन’, बरोबर. निष्काळजी माणूस असा नेमानं चुकत नाही. जिथे जिथे नाव ‘आ’ किंवा ‘आय’नं सुरू होत होतं तिथे ती अचूक होती, आणि जिथे ‘ए’नं सुरू होत होतं तिथे नेमकी उलटी.

मी तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, म्या तं सारं मोठ्यानं वाचून पायलं. आमच्या शाळेतल्या सरनं सांगतलं होतं का आधी कानाले विचारा. मंग म्या विचारलं. कान म्हणते, यलारे.”

यलारे. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. यनपीके. यसयसपी. येकर. प्रत्येक ‘ए’च्या आधी एक स्वच्छ ‘य’ उभा होता, आणि ‘य’ इंग्रजीच्या हिशेबानं व्यंजन. युरियाच्या आधी जो नियम ‘अ’ लावायला सांगतो, तोच नियम तिनं यलारेच्या आधी लावला होता. तिनं नियम मोडलेलाच नव्हता. आमच्या हाताखालून जाणाऱ्या प्रबंधांत तो इतक्या निष्ठेनं पाळणारी दुसरी कुणी मी पाहिली नाही.

वऱ्हाडात एकाला येक म्हणतात, एवढ्याला येवढं, ओठाला वोठ, ओळखीला वोळख. एसटीची यष्टी तर साऱ्या महाराष्ट्राच्या खेड्यांत होते. शिकलेली माणसं याला अडाणी उच्चार म्हणून मोकळी होतात. पण हा उच्चार मराठीच्या फार जुन्या सवयीतला आहे. समर्थांच्या दासबोधात ‘येक’ लिहिलेलं आहे, जुन्या मोडी कागदांत ‘येक’ आहे. शब्दाच्या तोंडाशी उघडा ‘ए’ आला की जीभ आधी तालूकडे झुकते आणि ‘य’ची एक पायरी घालून मग स्वरावर उतरते, ‘ओ’ आला की ओठ आधी आवळले जातात आणि ‘व’ होतो. प्रमाण भाषेनं लेखनात ती पायरी काढून टाकली. बोलण्यात मात्र पुण्या-मुंबईच्याही कित्येक तोंडांत ती आहे, फक्त पुसट. वऱ्हाडात ती ठळक आहे.

आणि गंमत अशी की इंग्रजीनं स्वतः हेच केलेलं आहे. ‘अ’ आणि ‘ॲन’ ही मुळात एकाच शब्दाची रूपं. जुन्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थाचा ‘आन’ असा शब्द होता. म्हणजे ‘ॲन’ हे पूर्ण रूप आणि ‘अ’ हे झिजलेलं. व्यंजनापुढे ‘न’ हळूहळू गळाला. आपण शिकतो ते उलटं, ‘अ’ला स्वरापुढे ‘न’ चिकटतो असं. त्याच ‘आन’पासून मोजायचा आकडाही आला, आणि त्याच्या तोंडाशी इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या बोलींत एक ‘व’ येऊन बसला. तो बोलीतला उच्चार सगळ्यांनी उचलला आणि आकडा झाला ‘वन’. लेखनात तिथे अजून ‘ओ’ आहे, तरी आपण ‘अ वन-एकर प्लॉट’ लिहितो. इंग्लंडच्या एका कोपऱ्यातल्या जिभेनं ‘एक’च्या आधी ‘व’ घातला, तो जगानं मान्य केला. वऱ्हाडच्या जिभेनं ‘एक’च्या आधी ‘य’ घातला, त्याला लाल शाई मिळाली. हे मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिनं लगेच वहीत लिहून घेतलं. मला वाटतं ते तिला परीक्षेसाठी नको होतं, घरी सांगायला हवं होतं.

तरीही मी तिच्या प्रबंधात ‘ॲन एलआरए’च केलं. तिचा प्रबंध अकोल्यातल्या एका कपाटात राहणार नव्हता. तो बाहेरच्या परीक्षकाकडे जाणार, कोइम्बतूरला जाईल, हिसारला जाईल, उद्या एखाद्या नियतकालिकात छापला जाईल. तिथला वाचक ‘एल’ म्हणेल आणि ‘अ’पाशी अडखळेल. तो अडखळला की क्षणभर त्याचं लक्ष कापसावरून उडून लिहिणारीकडे जाईल, आणि तेवढं पुरेसं आहे. तांत्रिक लेखनात लेखकाचं तोंड दिसता कामा नये, वाण दिसलं पाहिजे. म्हणून ‘अ’ की ‘ॲन’ हे आपल्या कानानं नव्हे, वाचणाऱ्याच्या कानानं ठरवायचं. नियम तोच, कान दुसऱ्याचा. शाळेतल्या त्या सरांनी अर्धं बरोबर सांगितलं होतं, आणि ते अर्धं फार मोलाचं होतं. लाल शाईवाल्यांनी तर तेवढंही सांगितलेलं नव्हतं.

मात्र वाचणाऱ्याचा कान एकच नसतो, आणि इथून पुढे हा विषय मला खरा आवडायला लागतो.

एच-४ घ्या. जगातलं व्यापारी लागवडीचं पहिलं कापूस संकरित वाण, सी. टी. पटेल यांनी सुरतला काढलेलं, १९७० सालचं. वऱ्हाडातल्या जुन्या कास्तकारांच्या तोंडी अजून एचफोर असतं. इंग्रजीत ‘ॲन एच-४ प्लांट’. पण दक्षिणेत कितीतरी माणसं या अक्षराला ‘हेच’ म्हणतात, आयर्लंडमध्येही म्हणतात. त्यांच्या तोंडी ‘अ हेच-४’ हेच बरोबर. आणि कुणी एच-४ न लिहिता हायब्रिड-४ लिहिलं तर मग सगळ्यांसाठीच ‘अ’. तणनाशकाचंही तसंच. ब्रिटिश वळणानं ‘अ हर्बिसाइड’. अमेरिकेत ‘हर्ब’मधला ‘ह’ बहुतेकजण गाळतात, ‘अर्ब’ म्हणतात, म्हणून तिकडच्या लेखनात ‘ॲन हर्बिसाइड’ही दिसतं. एकाच अहवालात पान बारावर एक आणि पान चाळीसवर दुसरं आलं की समजावं, लेखकानं अर्धा मजकूर दुसरीकडून उचलून आणलाय. ही खूण मला अनेकदा उपयोगी पडली आहे.

अकोल्याला महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाचं मुख्यालय आहे, १९७६ पासून. महाराष्ट्रभर त्याला महाबीज म्हणतात. इंग्रजी कागदात त्याची आद्याक्षरं एमएसएससी. आता बियाण्याच्या एका पिशवीबद्दल लिहायचं आहे. ‘ॲन एमएसएससी बॅग’ लिहिलं तर वाक्य सचिवालयात ऐकू येतं. ‘अ महाबीज बॅग’ लिहिलं तर ते कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ऐकू येतं. एनएचएच-४४ हे नांदेडच्या संशोधन केंद्रात तयार झालेलं संकरित कापूस वाण. वऱ्हाडात कुणीही त्याला आद्याक्षरांनी ओळखत नव्हतं, सगळ्यांसाठी ते नांदेड-४४. मी एका प्रबंधात असं पाहिलं, की छापलं होतं एनएचएच-४४ आणि आधी होता ‘अ’. लेखकाचे वडील नांदेड-४४ पेरणारे. त्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी आद्याक्षरं होती आणि कानात वडील होते. लिहिताना त्यानं ‘अ’ लावला तो वडिलांच्या शब्दाला. मी त्याला म्हटलं, आद्याक्षरं काढ आणि नांदेड-४४ च लिही. वाणाचं अधिकृत नाव पहिल्या उल्लेखात एकदा दे, पुढे लोकांचं नाव चालू दे. त्यानं तसं केलं, आणि एकाही ठिकाणी ‘अ’ बदलावा लागला नाही.

लेखन कानावरून चालवायचं हे अमरावती जिल्ह्याला नवं नाही. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात आकाराला आला. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवल्या, पडताळल्या. एकच आठवण दोघांनी वेगळी सांगितली तर तीही नोंदवून ठेवायची, कुणाची ते सांगून, ही महानुभावांची रीत. कोण बोलतंय हे न पुसता लिहिणं ही तांत्रिक शिस्त आहे, आणि ती आमच्याकडे तेराव्या शतकापासून आहे. 

मोर्शीचं नाव निघालं की पुढे वरूड, आणि वरूड म्हणजे संत्रा. वरूड-मोर्शीच्या बागांवरचे अहवाल माझ्याकडे येतात तेव्हा त्यांत ‘ॲन ऑरेंज’ पानोपानी असतो आणि तो कुणाचाच चुकत नाही, कारण शाळेच्या पाच चित्रांत तो आहे. पण या ‘ऑरेंज’ला इतकं सोपं समजू नये. संस्कृतातला नारंग पर्शियनमध्ये गेला, तिथून अरबीत नारंज झाला, स्पॅनिशमध्ये ‘नारान्हा’. तोवर ‘न’ शाबूत होता. इटली-फ्रान्सकडे त्या भाषांतला ‘एक’ या अर्थाचा शब्द त्याच्या आधी आला, ‘उना’सारखा, शेवटी ‘न’चा आवाज असलेला. दोन ‘न’ एकाला एक लागले आणि ऐकणाऱ्याला वाटलं, फळाचा ‘न’ हा आधीच्या शब्दाचाच. फळ आपला ‘न’ गमावून बसलं, आणि तसंच बिनानकाराचं इंग्रजीत पोचलं. इंग्रजीत ‘अ नोरेंज’चं ‘ॲन ऑरेंज’ झालं असं पुष्कळदा सांगतात. ते खरं नाही, झीज आधीच्या प्रवासात झाली होती. आपल्या नारिंगात तो ‘न’ अजून आहे.

इंग्रजीच्या स्वतःच्या अंगणात हे घडलं ते ॲप्रनच्या बाबतीत. मूळ शब्द ‘नॅप्रन’. ‘अ नॅप्रन’ म्हणता म्हणता लोकांना ‘ॲन ॲप्रन’ ऐकू येऊ लागलं आणि शब्दच बदलला. क्रिकेटच्या अंपायरचीही हीच कथा. म्हणजे हा शब्द एवढासा असला तरी शेजारच्या शब्दाची सीमा हलवू शकतो, बांध कोरावा तसा.

ॲप्रन हा शब्द मी जास्त वाचते तो फवारणीच्या सूचनांत. हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क, अंगावर ॲप्रन. आणि त्याच सूचनांच्या मराठी रूपात मला या सगळ्या विषयाची दुसरी बाजू भेटते, जिथे प्रश्न कानाला गोड लागण्याचा राहत नाही.

मराठीत ‘अ’-‘ॲन’सारखं उपपद नाही. ‘माणूस आला’ एवढ्यात काम भागतं. कोणता माणूस ते प्रसंग सांगतो. गरज पडली तर आपल्याकडे साधनं आहेत, आणि ती इंग्रजीपेक्षा जास्त आहेत: एक, एखादा, कोणी, कोणताही, कोणताही एक. एवढी बारीक विभागणी हाताशी असताना अलीकडच्या तांत्रिक मराठीत जिथे तिथे नुसता ‘एक’ येऊन बसतो. ‘हे एक सेंद्रिय खत आहे.’ ‘ही एक सुधारित पद्धत आहे.’ इंग्रजी मजकुरात ‘अ’ होता, म्हणून इथे ‘एक’ आला. तो मी खोडते. ‘हे सेंद्रिय खत आहे’ यात काही कमी पडत नाही. ‘एक’ हा मराठीत आकडा आहे, त्याला वजन आहे, आणि ते वजन राखून ठेवलं पाहिजे, कारण काही जागा अशा आहेत की तिथे त्या वजनावर माणसाचा जीव असतो.

कृषी विद्यापीठाच्या कृषिसंवादिनीत, कृषी विभागाच्या पत्रकांत, किडींच्या सल्ल्यात एक वाक्य ठरलेलं आहे: खालीलपैकी कोणत्याही एका कीटकनाशकाची फवारणी करावी. खाली एकाखाली एक तीन-चार नावं, पुढे दहा लिटर पाण्याला लागणारी मात्रा. गुलाबी बोंडअळीसाठी आधी सापळे लावायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग दिसले की नुकसानीची पातळी गाठली असं धरायचं, मग फवारणी, मग ही यादी. वाक्य वर्षानुवर्षं तेच. सरावानं वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ‘कोणत्याही एका’ दिसेनासं होतं. त्याला नावं दिसतात. नावं चार, तर औषधं चार.

२०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. शेकडो जण दवाखान्यांत दाखल झाले. वऱ्हाडातल्या बाकीच्या जिल्ह्यांतही विषबाधा झाल्या. त्या वर्षी बोंडअळीचा कहर होता, पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली, फवारा अंगावर येत होता, संरक्षक कपडे नव्हते. आणि एका पंपात दोन-तीन औषधं मिसळली जात होती. या कारणांत भाषेचं कारण कुणी मोजलेलं नाही, मीही ते मोजून दाखवू शकत नाही. कास्तकार औषधं मिसळतो ती अळी मरत नाही म्हणून, मजुरी दोनदा द्यायला परवडत नाही म्हणून, दुकानदार सांगतो म्हणून. पण त्या हंगामानंतर माझ्यासमोर फवारणीचं कोणतंही पत्रक आलं की मी सगळ्यात आधी तो ‘एका’ शोधते. तो आहे का, यादीपासून किती लांब आहे, पान उलटल्यावर यादी सुरू होत असेल तर पुढच्या पानावर तो पुन्हा आला आहे का, नावांच्या मधे ‘किंवा’ आहे की नुसता स्वल्पविराम. स्वल्पविराम मराठीत ‘आणि’ही होतो, ‘किंवा’ही होतो. ज्याच्या हातात पंप आहे त्यानं तो कसा वाचायचा?

पत्रक वाचलंही जातं मोठ्यानं. घरातलं शाळेत जाणारं पोर वाचतं आणि बाप ऐकतो. पोराची जीभ नावांवर अडखळते, कारण ती अवघड आहेत, आणि अडखळू नये तिथून सपाट्यानं पुढे जाते. ‘कोणत्याही येका’ असा तो शब्द येतो आणि निघून जातो. म्हणून मी तो ठळक ठशात छापायला सांगते. शक्य असेल तर वाक्याच्या शेवटाकडे ओढायला सांगते, कारण ऐकणाऱ्याच्या मनात शेवटचं राहतं: ‘खालीलपैकी औषध निवडावे, फक्त एक.’

एका पत्रकाच्या वेळी मी ‘एका’चं ‘एकाच’ केलं. एवढा ‘च’ लागला की मिसळण्याला जागा उरणार नाही, असा माझा हिशेब. पत्रक लिहिणारे कीटकशास्त्रज्ञ तयार होईनात. ते म्हणाले, “मॅडम, ‘कोणत्याही एकाच’ असं छापलं तर माणूस दर फवारणीला तेच औषध घेईल. मग अळीत प्रतिकारशक्ती येते. आम्ही तर सांगतो, तेच ते पुन्हा वापरू नका.” त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. ‘एका’ म्हटलं तर चार मिसळली जाण्याचा धोका, ‘एकाच’ म्हटलं तर एकच पुन्हा पुन्हा मारलं जाण्याचा. मराठीतला अनिश्चित ‘एक’ आणि निश्चित ‘एकच’ यांच्या मधे जी जागा आहे, तिथे त्यांचं सगळं शास्त्र उभं होतं.

आम्ही टेबलाशी बसून ते वाक्य बराच वेळ उलटसुलट केलं. ‘एका वेळी एक’ चाललं असतं, पण वेळ म्हणजे दिवस की फवारणी? ‘एका पंपात एक’ हे पंप चालवणाऱ्याला कळतं, पण पिंपात द्रावण कालवून मग पंप भरणारे पुष्कळ. शेवटी एका वाक्याची दोन झाली. एका फवारणीत यांपैकी एकच औषध वापरावे, दुसरे त्यात मिसळू नये. पुढच्या फवारणीला या यादीतले दुसरे औषध घ्यावे. त्यांना वाक्य लांबलं याचं वाईट वाटत होतं, पत्रकात जागा कमी होती. मी त्यांना वरच्या परिच्छेदातले दोन बिनकामाचे ‘एक’ काढून दाखवले, आणि तेवढ्यात दुसरं वाक्य बसलं.